गाडीतल्या स्टिरिओवर स्वतःजवळची गाणी: पेनड्राइव्ह, ब्लूटूथ आणि तारांच्या अडचणी

पर्वरीकर (धागाकर्ता)

गाडीत गाणी ऐकण्यासाठी हल्ली बहुतेकांची भिस्त फोन आणि इंटरनेट यांवर असते, आणि पणजी ते मडगाव या पट्ट्यात ती बऱ्यापैकी चालूनही जाते. मात्र सत्तरीतले केरी सोडून चोर्ला घाटाला लागले, किंवा मोले ओलांडून अनमोडचा चढ सुरू झाला, की नेटवर्क येते-जाते, गाणे मध्येच अडकते आणि चालकाचे लक्ष रस्त्यावरून फोनकडे वळते. तिथली वळणे पाहता हे परवडण्यासारखे नाही. त्यामुळे स्वतःजवळच्या ध्वनिफाइली पेनड्राइव्हवर किंवा फोनमध्ये ठेवून गाडीत नीट वाजवणे हा विषय, कॅसेट आणि सीडी दोन्ही मागे पडल्यानंतरही, निदान गोव्यापुरता तरी जुना झालेला नाही.

ओळखीच्या लोकांकडून ठरावीक तक्रारी ऐकू येतात. स्टिरिओ पेनड्राइव्ह ओळखत नाही, गाणी भलत्याच क्रमाने वाजतात, नावांच्या जागी चौकोन दिसतात, फोन जोडल्यावर बोलणे ऐकू येते पण गाणे नाही. यावर पुष्कळजण थेट नवा स्टिरिओ बसवून मोकळे होतात. माझे मत असे आहे की यांतल्या बहुतेक तक्रारींचे मूळ यंत्रात नसते, तर आपण त्या यंत्राला काय आणि कोणत्या स्वरूपात देतो यात असते, आणि ते घरच्या संगणकावर बसून फुकटात दुरुस्त होते.

सुरुवात पेनड्राइव्हच्या फॉरमॅटपासून करायला हवी. गाड्यांतले बहुसंख्य स्टिरिओ फॅट३२ ही पद्धत वाचतात; एक्सफॅट काही नवे स्टिरिओ वाचतात, आणि एनटीएफएस वाचणारे त्याहून कमी. ३२ जीबीपेक्षा मोठी मेमरी कार्डे मुळातच एक्सफॅटमध्ये येतात, आणि विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी मोठ्या पेनड्राइव्हला फॅट३२चा पर्याय वर्षानुवर्षे दाखवतच नव्हती. त्यामुळे ६४ जीबीचा कोरा करकरीत पेनड्राइव्ह लावला आणि स्टिरिओने तो नाकारला, तर पेनड्राइव्ह खराब आहे असा निष्कर्ष काढू नये. रूफससारख्या छोट्या प्रोग्रामने तो फॅट३२ करता येतो. पार्टिशनचा प्रकार विचारला तर एमबीआर निवडावा, कारण जीपीटी पुष्कळ स्टिरिओंना कळत नाही. फॉरमॅट केल्यावर आधीचे सगळे पुसले जाते, हे वेगळे सांगायला नको. फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही, पण ही मर्यादा गाण्यांच्या आड येत नाही.

खरे तर मोठा पेनड्राइव्ह घेण्याची गरजही फारशी नाही. एमपी३ फाइल ३२० केबीपीएस या वरच्या दराने केली, तरी एका मिनिटाला साधारण २.४ एमबी जागा लागते. म्हणजे ३२ जीबीमध्ये दोनशे तासांहून जास्त ऐकणे मावते. जितक्या फाइली जास्त, तितका गाडी सुरू करताना स्टिरिओ त्यांची यादी करत बसतो, आणि जुन्या स्टिरिओंत फोल्डर व फाइलींच्या संख्येवर मर्यादाही असते. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ते पान सहसा कोणी उघडत नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. फॅट पद्धतीत फोल्डरची यादी सहसा फाइली ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्या क्रमाने साठवली जाते. संगणक ती आपल्याला अकारविल्हे लावून दाखवतो, त्यामुळे घरी सगळे जागच्या जागी वाटते. पण अनेक स्टिरिओ वर्गवारीच्या भानगडीत न पडता मूळ यादी जशीच्या तशी वाजवतात. म्हणून नाटकाचा तिसरा अंक आधी आणि नांदी शेवटी असा प्रकार होतो. उपाय असा की फाइलींना इंग्रजी आकड्यांत शून्य एक, शून्य दोन असे आरंभी क्रमांक द्यावेत आणि मग विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट किंवा लिनक्सवर फॅटसॉर्ट चालवून ती आतली यादीच क्रमाने लावून घ्यावी. आरंभीचे शून्य गाळले, तर एकनंतर दोन न येता दहा येतो.

नावांच्या चौकोनांबद्दल पुढे लिहीनच. इतरांचे अनुभव आणि अडचणी आल्या, तर धागा उपयोगी होईल.

मडगावकर

फार उपयुक्त धागा आहे. माझी अडचण थोडी वेगळी आहे. मी गाणी मॅकवरून पेनड्राइव्हवर घेतो. फॉरमॅट फॅट३२च आहे. तरी स्टिरिओवर प्रत्येक गाण्याच्या आधी त्याच नावाची एक फाइल येते, ती वाजत नाही, ‘अनसपोर्टेड’ असे दोन-तीन सेकंद दिसते आणि मगच खरे गाणे लागते. संगणकावर पाहिले तर अशी फाइल कुठेच दिसत नाही. यादीतील गाण्यांची संख्याही बरोबर दुप्पट झालेली आहे.

पर्वरीकर

हे मॅकचे नेहमीचे आहे. फॅट३२ पेनड्राइव्हवर मॅक प्रत्येक फाइलबरोबर तिची जादा माहिती ठेवणारी एक लहान फाइल लिहू शकतो; तिचे नाव टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होते, आणि शेवटी एमपी३ हेच शेपूट असते. संगणक ती लपवतो, स्टिरिओला ती गाणे वाटते. टर्मिनलमध्ये डॉट-क्लीन (dot_clean) ही आज्ञा -m या पर्यायासह पेनड्राइव्हच्या नावावर चालवली, की या फाइली जातात. दर वेळी नवी गाणी भरल्यावर, पेनड्राइव्ह काढण्याच्या अगदी आधी, ती चालवावी लागेल. क्रमाची वर्गवारी करायची असेल, तर ती या सफाईनंतर करावी.

आता नावांविषयी. गाण्याचे नाव, गायक, अल्बम ही माहिती एमपी३ फाइलीच्या आत आयडी३ या टॅगमध्ये असते, आणि स्टिरिओ बहुधा तीच दाखवतो. फाइलीचे नाव बदलून काही फरक पडला नाही, अशी तक्रार येते ती त्यामुळेच. या टॅगच्या पहिल्या आवृत्तीत गाण्याच्या नावासाठी जेमतेम ३० बाइट जागा असे, आणि ती रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली होती. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, तेव्हा तिथे मराठी नाव कोंबले तर दहाव्या चिन्हाला जागा संपते. पुढे २.३ ही आवृत्ती आली, तिच्यात यूटीएफ-१६ चालते, आणि २.४मध्ये यूटीएफ-८ही चालते. स्टिरिओंना २.३ सर्वांत जास्त मानवते. एमपी३टॅग या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘आयडी३व्ही२.३, यूटीएफ-१६’ असा पर्याय निवडून सगळ्या फाइली एकदा पुन्हा साठवल्या, तर पुष्कळ ठिकाणी चौकोन आणि प्रश्नचिन्हे जातात.

पण स्टिरिओमध्ये देवनागरीचा फॉन्टच नसेल, तर टॅग कितीही शुद्ध असला तरी उपयोग नाही. काही यंत्रांत फॉन्ट असतो, परंतु अक्षरे जुळवण्याची सोय नसते. मग जोडाक्षरे हलन्त देऊन फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. चालत्या गाडीत असले लेखन वाचत बसण्यापेक्षा गाडीपुरत्या प्रतीतले टॅग रोमन लिपीत ठेवावेत, असे माझे मत झाले आहे. घरच्या मूळ संग्रहात मराठी नावे राहू द्यावीत.

सूरपेटी

मी जुने नाट्यसंगीत आणि ख्याल ऐकणारा माणूस आहे, म्हणून या बाजूने थोडे विस्ताराने लिहितो. गोव्याने या संगीताला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी अशी माणसे दिली, तेव्हा इथल्या गाडीत हे संगीत नीट वाजावे ही अपेक्षा गैर नाही.

पहिला त्रास सलग गाण्यात पडणाऱ्या खंडाचा आहे. मैफलीचे ध्वनिमुद्रण विलंबित, द्रुत, तराणा असे तुकडे पाडून मिळते, आणि एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे जाताना तानपुरा क्षणभर तुटतो. याचे कारण एमपी३च्या रचनेतच आहे. त्यात आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींमध्ये बांधला जातो, सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्‌झ दराला अशी एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची होते. एन्कोडर, म्हणजे एमपी३ फाइल बनवणारा प्रोग्राम, आरंभी थोडी शांतता घालतो आणि शेवटची चौकट पुरी करण्यासाठी शेवटीही घालतो. लेमसारखा एन्कोडर ही भर किती आहे याची नोंद फाइलीत करून ठेवतो, आणि संगणकावरचे चांगले प्लेअर ती वाचून तेवढा भाग गाळतात. गाडीतले स्टिरिओ बहुधा ही नोंद पाहत नाहीत, आणि वर पुढची फाइल उघडायलाही त्यांना वेळ लागतो. म्हणून एक राग ही एक फाइल असे जोडून घेणे उत्तम. जोडणी मूळ सीडीवरून किंवा फ्लॅकवरून (दर्जा न घटवता साठवलेल्या फाइलीवरून) करावी. दोन एमपी३ एकमेकींना चिकटवल्या तर मधली शांतता तशीच राहते.

दुसरा त्रास आवाजाच्या पातळीचा. कॅसेटवरून उतरवलेली गाणी हळू, नवी गाणी मोठी, त्यामुळे हात सारखा बटणावर. एमपी३गेन हा प्रोग्राम फाइल पुन्हा एन्कोड न करता तिच्यातल्या पातळीचा आकडा १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतो, त्यामुळे आवाजाचा दर्जा तसूभरही घटत नाही आणि बदल मागेही घेता येतो. त्यात ‘ट्रॅक’ आणि ‘अल्बम’ असे दोन मार्ग आहेत. मिसळीच्या गाण्यांसाठी ट्रॅक ठीक आहे, पण मैफलीसाठी अल्बमच निवडावा, नाहीतर आलाप आणि द्रुत एकाच उंचीवर येऊन गाण्याचा कणाच मोडतो.

पण पावसाळ्यात यानेही भागत नाही. जुलैच्या सरी टपावर कोसळत असताना विलंबित ख्यालाची सुरुवात ऐकूच येत नाही, आणि ती ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा, तर पुढची तान कानठळ्या बसवते. बंद खोलीत ऐकायला केलेले ध्वनिमुद्रण आणि धावती गाडी यांचा हा मूळचाच बेबनाव आहे. मी ऑडॅसिटीमध्ये कॉम्प्रेसरचा परिणाम सौम्य ठेवून गाडीसाठी वेगळी प्रत करतो. हळू भाग वर येतो आणि मोठा भाग आटोक्यात राहतो. घरातल्या मूळ फ्लॅकला हात लावत नाही. शुद्धतावादी मंडळी नाके मुरडतील, परंतु ऐकू न येणारी शुद्धता गाडीत काय कामाची?

तिसरे, ७८ गतीच्या तबकड्यांवरून आलेली गाणी. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे इतकाच तो ऐवज, आणि तो मोनो. ही गाणी दोन वाहिन्यांच्या ३२० केबीपीएसमध्ये साठवण्यात जागा वाया जाते; एकाच वाहिनीचे, म्हणजे मोनो, १२८ पुष्कळ झाले. हक्कांचा प्रश्न कोणी विचारील म्हणून लिहितो: भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे १९६४ किंवा त्याआधी प्रकाशित झालेल्या तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आता संपला आहे. पदाचे शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात. त्यांची मुदत रचनाकाराच्या मृत्यूनंतर मोजली जाते.

दोनापावला_५जी

सर्वांचा आदर राखून विरोधी मत मांडतो. इतका खटाटोप करण्याची आज गरज काय? फोनमध्ये गाणी आधीच डाउनलोड करून ठेवावीत आणि वायरलेस अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले (फोनमधली ॲप गाडीच्या पडद्यावर आणणारी सोय) वापरावे. चोर्ला घाटात नेटवर्क नसले तरी डाउनलोड केलेली गाणी वाजतातच. नावे फोनच आखून देत असल्यामुळे मराठीतही नीट दिसतात, क्रम आपण ठरवू तो, आणि नकाशाही त्याच पडद्यावर. पेनड्राइव्हची सफाई, वर्गवारी, टॅग हे सगळे पंधरा वर्षांपूर्वीचे उद्योग वाटतात.

पर्वरीकर

तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांनी ती अवश्य वापरावी. देवनागरीचा प्रश्न तिथे सुटतो, हे तर मला पूर्ण मान्य. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

एक म्हणजे गाण्यांच्या ॲपमधले डाउनलोड हे आपल्या मालकीच्या फाइली नसतात. ते त्या ॲपबाहेर वाजत नाहीत, पेनड्राइव्हवर नेता येत नाहीत, आणि वर्गणी थांबली की थांबतात. स्पॉटिफायला तर ३० दिवसांतून निदान एकदा इंटरनेटला जोडावेच लागते. शिवाय सूरपेटी यांनी वर्णन केलेला संग्रह, म्हणजे कॅसेटवरून घरी उतरवलेले एखादे भजन किंवा जत्रेतल्या नाटकाचे ध्वनिमुद्रण, कोणत्याही ॲपवर मिळणार नाही.

दुसरे, वायरलेस जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख पटवण्यापुरते असते. पुढचा सगळा व्यवहार ५ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर चालतो. फोन एकाच वेळी वाय-फाय, जीपीएस, मोबाइल डेटा आणि त्यावर चार्जिंग असे सगळे करत राहतो. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसून लगेच हे सुरू केले, तर तापलेला फोन चार्जिंग थांबवतो किंवा जोडणीच सोडतो. अशा दिवशी तार लावलेली बरी. फोन वायरलेस चार्जरवर ठेवण्याचा मोह तर मुळीच करू नये, कारण त्या चार्जरची स्वतःची उष्णता वेगळी.

दोनापावला_५जी

मालकीचा मुद्दा मान्य. मात्र स्वतःच्या एमपी३ आणि फ्लॅक फाइली फोनमध्ये ठेवून व्हीएलसीसारख्या प्लेअरने अँड्रॉइड ऑटोवर वाजवता येतात, तेव्हा ‘पेनड्राइव्ह की ॲप’ असे दोनच पर्याय आहेत असे समजू नये.

पर्वरीकर

बरोबर आहे. तो मधला मार्ग उत्तम आहे.

मापशेचा_तारवाला

गाड्यांत स्टिरिओ बसवणे हा माझा धंदा आहे, म्हणून तारांच्या बाजूने लिहितो. धागाकर्त्यांचे बहुतेक म्हणणे पटते. तरी दहातल्या दोन-तीन तक्रारी खरोखरच बसवणीच्या असतात, हेही सांगायला हवे.

बाहेरून घेतलेल्या स्टिरिओला पिवळी, लाल आणि काळी अशा तीन मुख्य तारा असतात. पिवळीला बॅटरीचा कायमचा पुरवठा लागतो, लालला चावी फिरवल्यावरचा, आणि काळी म्हणजे अर्थिंगची. काही गाड्यांच्या मूळ सॉकेटमध्ये पिवळी आणि लाल यांच्या जागा उलट असतात. मधला जोड न बदलता तसेच जोडले, तर स्टिरिओ चालतो, पण गाडी बंद केली की घड्याळ, स्टेशने, ब्लूटूथची ओळख, गाणे कुठे थांबले होते ते, सगळे विसरतो. गिऱ्हाईक म्हणते पेनड्राइव्ह दर वेळी पहिल्या गाण्यापासून सुरू होतो. दोष पेनड्राइव्हचा नसतो, या दोन तारांचा असतो. गाडीच्या मूळ तारा कापून जोडू देऊ नका. त्या मॉडेलचा तयार सॉकेट मिळतो, तो मागून घ्या, म्हणजे पुढे मूळ स्टिरिओ परत बसवायचा झाला तरी अडत नाही आणि वॉरंटीचा वादही होत नाही.

ऑक्सच्या, म्हणजे फोनच्या हेडफोन-खाचेतून स्टिरिओला जाणाऱ्या, तारेतून येणारी किणकिण ही दुसरी नेहमीची तक्रार. फोन गाडीच्या चार्जरवर आहे, त्याच फोनातून ऑक्सची तार स्टिरिओला गेली आहे, आणि ॲक्सिलरेटर दाबला की कर्कश सूर चढत जातो. फोनला अर्थिंग दोन वाटांनी मिळते आणि त्या वेटोळ्यातून अल्टरनेटरचा गोंगाट आत येतो. चार्जरची पिन काढून पाहावी. आवाज गेला, तर कारण हेच. ऑक्सच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावली, की काम होते.

तारेची परीक्षाही साधी आहे. स्वस्त यूएसबी तारांपैकी पुष्कळ फक्त चार्जिंगच्या असतात. आत डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, स्टिरिओ मात्र ‘नो डिव्हाइस’ म्हणतो. आणि तार चांगली असली, तरी अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखा वाचला जाईल ही अपेक्षा ठेवू नये. तो एमटीपी नावाच्या पद्धतीने फाइली देतो, ती साध्या स्टिरिओंना समजत नाही. त्यासाठी पेनड्राइव्ह वेगळाच हवा.

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांसाठी एक सूचना. खाऱ्या दमट हवेने यूएसबीच्या खाचेतले संपर्क हिरवट पडतात आणि पेनड्राइव्ह खड्ड्यात आपटल्यावर तुटतो-जोडतो. गाडी बंद ठेवून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या बारीक ब्रशने खाच साफ करावी. चाकू, सेफ्टी पिन असले काही घालू नये. लांब पेनड्राइव्हला गुडघा किंवा गिअरचा हात लागून खाच आतून उखडते, म्हणून बोटाच्या पेरापेक्षा लहान मिळतात तेच घ्यावेत.

काणकोणकर

माझी गाडी जुनी आहे. यूएसबी नाही, ऑक्स नाही, ब्लूटूथ नाही; फक्त रेडिओ आणि सीडी. सिगारेट लायटरच्या जागी लावायचा, फोनातले गाणे गाडीच्या रेडिओवर पाठवणारा एफएम ट्रान्समीटर घेतला आहे. काणकोणात उत्तम वाजतो, पण पणजीकडे येताना खरखर वाढत जाते आणि शेवटी माझ्या अभंगावर कोणाची तरी जाहिरात येऊन बसते. उपाय आहे का?

पर्वरीकर

ट्रान्समीटर हा मुळात इवलासा असतो, आणि पणजीच्या परिसरात खऱ्या स्टेशनांसमोर त्याचे काही चालत नाही. गोव्यात ९१.९, ९२.७, ९८.३ आणि आकाशवाणीचे १०५.४ या जागा भरलेल्या आहेत. त्यांच्या अगदी शेजारची जागाही टाळावी. रिकामी जागा शोधताना ती काणकोणात न शोधता पणजीत, मांडवीच्या पुलाच्या आसपास, ट्रान्समीटर बंद ठेवून शोधावी. जिथे फक्त सपाट खसखस ऐकू येते आणि मागे कोणाचेही बोलणे येत नाही, ती जागा घ्यावी. गर्दीच्या ठिकाणी जी रिकामी आहे, ती काणकोणात रिकामी असण्याची शक्यता बरीच मोठी.

फोनातला आवाज जवळजवळ पूर्ण आणि ट्रान्समीटरचा मध्यम ठेवला, तर खरखरीच्या तुलनेत गाणे वर राहते. मात्र एफएमवर १५ किलोहर्ट्‌झच्या वरचे सूर जातच नाहीत, तेव्हा त्यातून फार अपेक्षा ठेवू नये.

मापशेचा_तारवाला

काणकोणकर, तुमच्या गाडीचे तोंड सिंगल-डिन असेल, म्हणजे साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, तर यूएसबी आणि ब्लूटूथ असलेला साधा स्टिरिओ त्यात बसतो. दुप्पट उंचीचे असेल, तर मोठ्या पडद्याच्या मागे लागण्याची गरज नाही. सिंगल-डिन आणि खाली वस्तू ठेवायचा कप्पा असाही संच मिळतो. इथे मात्र नवा स्टिरिओ घेणे योग्य आहे असे मी म्हणेन, आणि ते माझा धंदा आहे म्हणून नव्हे.

दाबोळीची_गाडी

आमच्या घरच्या दोन गाड्या काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांच्या, रेंट-अ-कॅबच्या आहेत. ब्लूटूथविषयी एक गोष्ट आम्हांला रोज दिसते ती सांगतो. परत आलेल्या गाडीच्या स्टिरिओत फोनांची यादी उघडली, की देशभरातल्या पर्यटकांची नावे सापडतात, आणि काहींत तर त्यांचे संपर्क आणि कॉलच्या नोंदीही तशाच पडलेल्या असतात. जोडताना फोन विचारतो की संपर्क देऊ का, आणि घाईत सगळेच होय म्हणतात. गाणी ऐकण्यासाठी ती परवानगी मुळीच लागत नाही. भाड्याच्या गाडीत ती नाकारावी, आणि गाडी परत देताना स्टिरिओतून आपला फोन काढून टाकावा. आम्ही स्वतः ही यादी साफ करतो, पण सगळेच करतात असे नाही.

याच यादीमुळे दुसरी अडचणही येते. स्टिरिओ ठरावीक संख्येइतकेच फोन लक्षात ठेवतो. यादी भरली की नवा फोन जोडला जात नाही, आणि गिऱ्हाईक विमानतळाबाहेर उभे राहून गाडीतच दोष आहे असे सांगते. जुने फोन काढले, की प्रश्न मिटतो.

पर्वरीकर

फार चांगला मुद्दा. ब्लूटूथच्या इतर तक्रारींचाही उलगडा यानिमित्ताने करतो. आपण ‘ब्लूटूथ जोडले’ असे म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात वेगवेगळे करार होतात. बोलण्यासाठी एचएफपी, गाण्यासाठी ए२डीपी, पुढचे-मागचे गाणे आणि नावे यांसाठी एव्हीआरसीपी, संपर्कांसाठी पीबीएपी. बोलणे ऐकू येते पण गाणे नाही, याचा अर्थ पहिला करार झाला, दुसरा झाला नाही. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडीच्या नावापुढचे चक्र उघडून ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का ते पाहावे. काही जुन्या गाड्यांत मुळात एचएफपी एवढेच दिलेले असते. तिथे कितीही प्रयत्न केले तरी गाणे येणार नाही. जोडणी बिघडली तर ती दोन्ही बाजूंनी, फोनातून आणि स्टिरिओतूनही, काढून मग नव्याने करावी. एकाच बाजूने काढली, तर जुनी किल्ली दुसरीकडे राहते आणि पुन्हा तोच घोळ होतो.

दर्जाविषयी म्हणायचे, तर ए२डीपीने गाणी देणाऱ्या-घेणाऱ्या सर्व ब्लूटूथ यंत्रांना एसबीसी हे कोडेक, म्हणजे आवाज आटवून पाठवण्याची पद्धत, सक्तीचे आहे, आणि त्याची नेहमीची वरची मर्यादा ३२८ केबीपीएस आहे. म्हणजे फोनात फ्लॅक असले, तरी स्टिरिओपर्यंत ते आटूनच पोहोचते. धावत्या गाडीत हा फरक बहुतेकांना कळणार नाही; पण आवाज दबका वाटत असेल, तर आधी फोनमधली पातळी पाहावी. फोन अर्ध्यावर आणि स्टिरिओ शिगेला, अशी मांडणी असली की खरखर तेवढी वाढते.

आणि हे सगळे गाडी निघण्याआधी करावे. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये झालेल्या दुरुस्तीने चालवताना हातात फोन घेऊन वापरणे धोकादायक चालवण्याच्या कलमात, म्हणजे कलम १८४ मध्ये, आणले आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. नियमांनी जी मुभा दिली आहे ती मार्ग पाहण्यापुरती आणि चालकाचे लक्ष विचलित न होण्याच्या अटीवर आहे. गाणे बदलणे तिच्यात येत नाही. स्टिअरिंगवरची बटणे त्यासाठीच असतात.

मडगावकर

डॉट-क्लीन चालवले, मग ज्याच्या संगणकावर विंडोज आहे त्या भाच्याकडून ड्राइव्हसॉर्ट करून घेतले. गाण्यांची संख्या निम्म्यावर आली आणि नाटक अंकांच्या क्रमाने लागू लागले. आता एवढेच राहिले आहे की काही गाण्यांची मुखपृष्ठे दिसतात आणि काहींची दिसत नाहीत. आणि ज्यांची दिसत नाहीत, तीच गाणी लागायलाही वेळ घेतात. सगळी चित्रे जेपीईजीच आहेत.

पर्वरीकर

जेपीईजीचे दोन प्रकार असतात. इंटरनेटवरून घेतलेली चित्रे पुष्कळदा ‘प्रोग्रेसिव्ह’ असतात, आणि अनेक स्टिरिओ फक्त ‘बेसलाइन’ वाचतात. शिवाय ३,००० बाय ३,००० पिक्सेलचे चित्र प्रत्येक गाण्यात भरलेले असेल, तर ते उलगडण्यातच यंत्राचा वेळ जातो. चित्रे ५०० बाय ५०० ची करून, बेसलाइन म्हणून साठवून, पुन्हा टॅगमध्ये घालावीत. गिम्प किंवा इरफानव्ह्यूमध्ये साठवताना ‘प्रोग्रेसिव्ह’ची खूण काढली की झाले.

सूरपेटी

तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांना मी चित्रच घालत नाही. तीन मिनिटांच्या मोनो फाइलीपेक्षा चित्र जड व्हायचे.

मडगावकर

बेसलाइन केल्यावर सगळी चित्रे आली. आता काणकोणकरांच्या रिकाम्या जागेचे काय झाले, ते त्यांनी इथे लिहावे. माझ्या सासऱ्यांच्या गाडीतही तोच ट्रान्समीटर आहे आणि ते रोज फोंड्याहून पणजीला येतात.